मुलांचे मन आणि आपली वस्ती : बालमानसिक आरोग्यसेवेचा एक अभ्यास

आपल्या संस्थेच्या सभांमधून मुलांविषयी पुष्कळ बोलले जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज, वह्यावाटप, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, वसतिगृहातील प्रवेश हे विषय दरवर्षी कार्यक्रमपत्रिकेवर असतात आणि ते असलेच पाहिजेत. परंतु जो मुलगा हुशार असूनही आठवीत अचानक शाळा सोडतो, जी मुलगी कित्येक महिने घरात कोणाशी धड बोलत नाही, जे मूल दहाव्या वर्षीही अंथरूण ओले करते म्हणून रोज सकाळी मार खाते, त्यांच्यासाठी आपल्याकडे कोणता विषय आहे? अशा मुलांची नोंद अहवालात झालीच, तर ती 'नापास', 'गळती' किंवा 'गैरहजर' अशा रकान्यांत होते. वस्तीत त्यांना वेगळी नावे आहेत. कोणी हट्टी, कोणी आळशी, कोणी 'डोक्याने कमी', आणि काहीच सुचले नाही तर 'बाहेरचे काहीतरी'.

म्हणून आम्ही या वेळच्या अभ्यासासाठी हा विषय घेतला आहे. मुलांना मानसिक आरोग्याची सेवा त्यांच्या राहत्या ठिकाणी, म्हणजे शाळेत, अंगणवाडीत, वस्तीतील सभागृहात देता येते काय, ती कोणी द्यावी, आणि आपल्या देशात यासंबंधी जे प्रयोग झाले त्यांवरून आपण काय घ्यावे, एवढाच येथे विचार केला आहे. रोगांची यादी आणि औषधांची माहिती हा आमचा अधिकार नाही व हेतूही नाही.

मूल स्वतःहून दवाखान्यात जात नाही

मोठ्या माणसाला झोप लागेनाशी झाली, जीव घाबरू लागला, तर तो निदान कोणाला तरी तसे सांगू शकतो. मुलाचे तसे नसते. आपल्याला होते आहे ते दुःख आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर इलाज असतो हे त्याला ठाऊक नसते. तो 'मी उदास आहे' असे म्हणत नाही. तो 'पोट दुखते' म्हणतो, तेही बहुधा सोमवारी सकाळी. लहान मूल चिकटून बसते, मधेच बोबडे बोलू लागते, कित्येक वर्षे कोरडे राहिलेले अंथरूण पुन्हा ओले करू लागते. थोडे मोठे मूल मारामारी करते, खोटे बोलते, शाळेच्या वाटेवरून परत फिरते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी गप्प होते, आणि गप्प मुलगी ही आपल्याकडे शहाणी मुलगी समजली जात असल्यामुळे तिच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

अर्थात पोट दुखले की मन दुखावले असा उलटा नियम करू नये. पोटात जंत असू शकतात, अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाचा कान किंवा डोळा अधू असू शकतो. शरीराची तपासणी आधी, हे प्रत्येक जाणता डॉक्टर सांगतो. आमचे म्हणणे इतकेच की तपासणीत काही निघाले नाही म्हणजे मूल ढोंगी ठरत नाही.

सारांश, मुलाच्या बाबतीत दुखणे एकाचे आणि ते ओळखण्याचे काम दुसऱ्याचे असते. ओळखणारी माणसे कोण? आई-वडील, आजी, शेजारीण, अंगणवाडीची ताई, वर्गशिक्षक. ही सर्व माणसे वस्तीत आहेत. सेवा मात्र वस्तीत नाही. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार ठिकाणी आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी. जिल्हा रुग्णालयांतून व वैद्यकीय महाविद्यालयांतून मानसोपचार विभाग आहेत. परंतु एखाद्या तालुक्याच्या खेड्यातून जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, मुलाची शाळा बुडते, आणि परतल्यावर 'कोठे गेला होता' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. हे एकदा जमते. महिन्यातून दोनदा, सहा महिने जमत नाही. मुलांच्या मनाचे काम मात्र एका भेटीत होणारे नसते.

देशभरात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. त्यांतही केवळ मुलांवर उपचार करणारे फारच थोडे, आणि तेही मोठ्या शहरांत. दुसऱ्या बाजूस गरज केवढी आहे? बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. (या बारांत महाराष्ट्र नव्हता, हे लक्षात ठेवून आकडे वाचावेत.) तीत १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के निघाले. साठ मुलांच्या वर्गात चार किंवा पाच मुले, असा त्याचा सरळ अर्थ होतो. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की प्रौढांत दिसणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे पुढे ज्या दुखण्यासाठी माणसाला आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात, त्यातले अर्धे आपल्या प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या वर्गांतच अंकुरलेले असते.

विचार नवा नाही

सेवा लोकांजवळ नेण्याचा विचार आपल्या देशात बराच जुना आहे. मुंबईस १९३७ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातील तशा प्रकारचे ते पहिलेच केंद्र मानले जाते. १९७५ च्या सुमारास चंदीगडच्या डॉक्टरांनी हरियाणातील रायपूर राणी येथे, तर निम्हान्सने बंगळूरजवळच्या सकलवारा येथे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील साध्या डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना शिकवून खेड्यांतच मनोरुग्णांवर उपचार करता येतात हे दाखवून दिले. त्यावरून १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम तयार झाला. १९८५ पासून कर्नाटकातील बेल्लारी या संपूर्ण जिल्ह्यात तो राबवून पाहिला गेला, आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम या नावाने तो हळूहळू देशभर पसरला. आज बहुतेक जिल्ह्यांत तो कागदावर तरी आहे.

या साऱ्या प्रवासात मुले मात्र कडेला राहिली. खेड्यात डॉक्टरांपुढे येणारे रुग्ण बहुधा भ्रमिष्ट झालेले, फिट येणारे किंवा गंभीर नैराश्याचे प्रौढ असत. ज्याच्यामुळे घरात आरडाओरडा होतो त्याला आधी दवाखान्यात नेले जाते, आणि कोपऱ्यात बसलेले मूल कोणालाच त्रास देत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, ही उणीव निदान शब्दांत भरून काढली आहे. शासनाने पुरवावयाच्या सेवांमध्ये मुलांसाठीच्या सेवेचा त्यात वेगळा उल्लेख आहे. इतकेच नव्हे, तर सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, ती व्यक्तीच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, असे कायदा सांगतो. हे कलम १८ विद्यार्थी मित्रांनी मुळातून वाचावे. आपण जे मागणार आहोत ती मेहेरबानी नाही, हे त्यावरून कळेल.

नालंदा जिल्ह्यातील शाळा

आता ज्या प्रयोगावर आम्ही अधिक वेळ खर्च केला त्याकडे वळतो. १९९६ साली गोव्यात 'संगत' नावाची संस्था स्थापन झाली. मुलांच्या वाढीचे व कुटुंब मार्गदर्शनाचे काम तिने आरंभापासून केले, आणि पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांकडून समुपदेशन करून घेण्याबद्दल ती पुढे ओळखली जाऊ लागली. या संस्थेने बिहार राज्यातील नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा कार्यक्रम राबविला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

प्रयोगाची मांडणी अशी होती. सुमारे ७५ शाळा निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातील शाळांत बाहेरून एक प्रशिक्षित सामान्य व्यक्ती नेमली. तिला 'सेहर मित्र' म्हणत. दुसऱ्या गटात त्याच शाळेतील एका शिक्षकाला तेच प्रशिक्षण देऊन तेच काम सोपविले. तिसऱ्या गटात नेहमीचाच जीवनकौशल्यांचा सरकारी अभ्यासक्रम ठेवला. नववीच्या विद्यार्थ्यांची स्थिती आधी व नंतर मोजली.

'सेहर मित्र' काय करीत असे, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. केवळ एका खोलीत बसून रडणाऱ्या मुलाची समजूत घालणे एवढेच ते काम नव्हते. शाळेत एक आरोग्य समिती होती. परिपाठाच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणे होई. भित्तिपत्रक निघे, स्पर्धा होत. मुलांचे गट होते, ते आपल्या अडचणींवर चर्चा करीत. एक पेटी ठेवलेली होती. तीत कोणत्याही मुलाने चिठ्ठी टाकावी, नाव घालावे किंवा घालू नये, आणि त्या चिठ्ठीची दखल घेतली जाई. आणि ज्याला स्वतंत्रपणे बोलायचे असेल त्याला वैयक्तिक समुपदेशन मिळे. म्हणजे एकेका मुलावर आणि साऱ्या शाळेच्या वातावरणावर, असे दोन्हीकडे काम चालू होते.

निकाल काय लागला? जेथे 'सेहर मित्र' होता त्या शाळांचे वातावरण मुलांच्या मते स्पष्टपणे सुधारले. नैराश्याची लक्षणे कमी झाली, दादागिरी कमी झाली, मारहाण सोसणे आणि मारहाण करणे दोन्ही कमी झाले. सतरा महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा हा फरक टिकून तर होताच, उलट वाढला होता. परंतु जेथे तेच काम शिक्षकाकडे दिले होते, तेथे नेहमीच्या शाळांहून काही फरक पडला नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण आपल्या सभांमध्ये नेमकी हीच सूचना येते: 'शिक्षकांना दोन दिवसांचे शिबिर द्या, ते करतील.' शिक्षक वाईट असतात म्हणून प्रयोग फसला असे कोणी म्हणू नये. आपल्या सभासदांत कितीतरी शिक्षक आहेत आणि त्यांनी मुलांसाठी खस्ता खाल्लेल्या आहेत. आमच्या मते कारणे दोन असावीत. एक म्हणजे वेळ. ज्याच्याकडे अभ्यासक्रम आहे, निवडणुकीचे काम आहे, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, त्याच्या डोक्यावर हे आणखी एक ओझे होते, आणि ओझी जास्त झाली की जे मोजले जात नाही ते आधी खाली ठेवले जाते. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. जो गुण देतो, हजेरी घेतो, प्रसंगी छडीही उगारतो, त्याच्यापुढे मूल मन उघडे करीत नाही. विशेषतः तक्रार वर्गातील वागणुकीचीच असेल तर कोणाकडे करणार? जातीवरून मारलेला टोमणा, मागच्या बाकावर बसविणे, आडनाव उच्चारताना वेगळा काढलेला सूर, ही दुःखे आपल्या मुलांना अपरिचित नाहीत. ती ऐकून घेणारा माणूस शाळेत असावा, पण शाळेच्या उतरंडीबाहेरचा असावा.

म्हणून आमचा पहिला निष्कर्ष असा की हे काम कोणाचे तरी स्वतःचे, मानधन मिळणारे, दिवसाच्या वेळापत्रकातले काम असले पाहिजे. इतर दहा कामांतले अकरावे म्हणून ते होत नाही, आणि केवळ सेवाभावावरही फार काळ चालत नाही.

दुसरा निष्कर्ष त्या पेटीवरून निघतो. मुलाची समजूत घालणे म्हणजे त्याला अन्याय सोसण्याची सवय लावणे नव्हे. समुपदेशनाविषयी आपल्या कार्यकर्त्यांच्या मनात एक शंका नेहमी असते: प्रश्न समाजाचा असताना तुम्ही मुलाच्या मनावर इलाज का करता? शंका रास्त आहे. मुलींच्या शौचालयाला कडी नाही म्हणून मुलगी शाळेत यायला घाबरत असेल तर तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणे हा विनोद होईल. तेथे कडीच बसविली पाहिजे. वस्तीतील सेवेचा रुग्णालयातील सेवेहून मोठा फायदा हाच की तिला कडी दिसते. दूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला मूल दिसते, कडी दिसत नाही.

बोलणे कसे चालते

सामान्य शिक्षणाची माणसे समुपदेशन करतात म्हणजे नेमके काय करतात, हा प्रश्न कोणीही विचारील. त्यासाठी दिल्लीतील सरकारी शाळांत याच संस्थेने केलेले काम उपयोगी आहे. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे मुलांना चित्रकथांच्या पुस्तिका दिल्या आणि समुपदेशकाबरोबर थोड्या दिवसांत चार-पाच छोट्या भेटी ठेवल्या. पद्धत तीन पायऱ्यांची होती. आधी अडचण कोणती ते नेमके ठरवायचे, मग त्यावर काय काय करता येईल ते सारे मार्ग मांडायचे, आणि त्यांतला एक निवडून करून पाहायचा. ज्यांना नुसत्या पुस्तिका दिल्या त्यांच्यापेक्षा ज्यांना पुस्तिका आणि माणूस दोन्ही मिळाले, त्यांच्या अडचणींचा भार अधिक हलका झाला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नववीतला मुलगा म्हणतो, 'माझे डोके चालत नाही.' ही अडचण नव्हे. हा तर स्वतःवर मारलेला शिक्का झाला. शांतपणे विचारीत गेल्यावर कळते की संध्याकाळी वडील दारू पिऊन येतात, दिवा बंद करायला लावतात, गृहपाठ राहतो, सकाळी बोलणी बसतात, म्हणून तो पहिला तास चुकवितो. आता अडचण दिसू लागली: संध्याकाळी सात ते नऊ बसायला जागा नाही. मार्ग पुष्कळ निघतात. आत्याच्या घरी बसणे, शाळा सुटल्यावर तेथेच तासभर थांबणे, सभागृहाची अभ्यासिका, आईशी बोलून वेळ बदलणे. कोणता मार्ग निवडायचा ते मुलाने ठरवायचे; समुपदेशकाने उत्तर सांगायचे नाही. पुढल्या भेटीत काय झाले ते पाहायचे, आणि जमले नसेल तर दुसरा मार्ग घ्यायचा. यात कोणते गूढ शास्त्र आहे? परंतु उपदेश न करता वीस मिनिटे ऐकून घेणे ही आपल्यापैकी अनेकांना भाषणापेक्षा अवघड गोष्ट आहे, आणि प्रशिक्षणाचा बराचसा वेळ तिच्यावरच जातो.

वडिलांच्या दारूचा प्रश्न मात्र येथे सुटलेला नाही. तो वेगळा, मोठ्या माणसाचा उपचार आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काम करीत आले आहे, ठाण्यास १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी आय. पी. एच. ही संस्था आहे. वस्तीतील कार्यकर्त्याला असे पत्ते तोंडपाठ हवेत. मुलासाठी काम करायला गेलेला माणूस दर दुसऱ्या घरात मोठ्यांच्या दुखण्याशी जाऊन पोहोचतो.

आरंभ आईपासून

शाळेचा विचार करता करता आपण तान्ह्या मुलाला विसरतो. गोव्यातच झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की बाळंतपणानंतर ज्या आयांना नैराश्याने घेरले होते, त्यांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाने कमी भरण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे वजनकाट्यावर बाळ हलके भरते तेव्हा दूध-भाकरीबरोबर आईचे मनही विचारायला हवे. बाळंतिणीचे रडणे आपल्याकडे 'ओल्या अंगाचे' म्हणून सोडून दिले जाते, किंवा मुलगी झाली म्हणून ती रडते असे गृहीत धरले जाते. आशाताई व अंगणवाडीताई त्या घरात तसेही जातात. 'झोप लागते का, बाळाला घ्यावेसे वाटते का, तुमच्या मदतीला कोण आहे' हे प्रश्न त्यांच्या तोंडी आले तर सेवेची सुरुवात तेथेच झाली. आम्ही अंगणवाडीताईंवर आणखी एक काम लादा असे म्हणत नाही. शिक्षकांविषयी जे वर लिहिले ते त्यांनाही लागू आहे. त्यांनी पाहावे, आणि ज्याचे ते काम आहे त्याला सांगावे.

उशिरा बोलणारे, नजरेला नजर न देणारे, एकाच खेळात तासन् तास गढलेले मूल अंगणवाडीतच लक्षात येऊ शकते. स्वमग्नता असो वा बौद्धिक अक्षमता, जितक्या लवकर मदत मिळेल तितके मूल अधिक शिकते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीला येतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. पथक ज्या दिवशी येते त्या दिवशी नेमके ते मूल घरी ठेवलेले असते, ही आपल्या वस्त्यांतील अडचण. लोक काय म्हणतील या भीतीने आई त्याला लपविते. तारीख आधी कळवून त्या घरी जाऊन येणे हे संस्थेच्या महिला मंडळाला सहज करता येण्याजोगे काम आहे. ग्रामीण रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी 'मैत्री' नावाची केंद्रेही आहेत. तेथे जाणाऱ्या मुलांची संख्या पाहिली पाहिजे. कारण दारावर पाटी असणे आणि मूल आत येणे यांत अंतर असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास मूल आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर जाते किंवा आजीजवळ मागे राहते, आणि उन्हाळ्यात घडी पुन्हा बदलते. अशा मुलाची 'वस्ती' कोणती? मराठवाड्यातील गावात नेमलेला समुपदेशक त्याला सहा महिने भेटतच नाही. या प्रश्नावर आम्हांला तयार उत्तर मिळालेले नाही. जे मूल मागे राहते त्याची तरी कोणीतरी आठवड्याला विचारपूस करावी आणि फोनवर आईशी बोलणे घडवून आणावे, एवढे सुचते.

आपल्या सभागृहात हे करायचे तर

जागा आपल्याकडे आहे. विहार व समाजमंदिर दुपारी रिकामे असते. परंतु जागा म्हणजे सेवा नव्हे. मूल बोलत असताना खिडकीतून कोणी डोकावणार नाही अशी एक खोली हवी; दार पूर्ण बंद असू नये, पण बोलणे बाहेर ऐकू जाऊ नये. दारावर 'मानसिक' हा शब्द लिहिला तर कोणी येणार नाही. अभ्यासिकेच्या वेळेतच, तिच्याच एका भागात हे काम चालावे, म्हणजे कोण कशासाठी आला याचा बोभाटा होत नाही. कार्यकर्ता वस्तीच्या बोलीत बोलणारा असावा, पण शक्यतो शेजारच्या गल्लीतला असावा, कारण आपल्याच चाळीतल्या काकूंना घरातले सांगायला मूल कचरते. मुलींसाठी बाई असणे आवश्यक आहे.

गुप्तता हा या कामाचा प्राण आहे, आणि वस्तीत तीच सर्वांत दुर्मीळ. मुलाने सांगितलेले आईलाही त्याला विचारून सांगायचे. परंतु याला मर्यादा आहेत आणि त्या मुलाला पहिल्याच भेटीत सांगितल्या पाहिजेत. मुलाच्या जिवाला धोका असेल तर गप्प राहता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. 'घरचा मामला आहे, आपसात मिटवू' असे म्हणणाऱ्या पंचमंडळींना हे स्पष्ट सांगावे लागेल. आणि बाधा उतरविण्याच्या नावाखाली मुलाला बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. ज्या आजीने नजर काढली तिच्याशी भांडू नये. मीठ-मोहरीने मुलाचे काही बिघडत नाही. उपचार थांबविला किंवा हात उचलला तर मात्र भांडावे.

कार्यकर्त्याने औषध सुचवू नये, रोगाचे नाव ठेवू नये. त्याच्या पाठीशी एक जाणकार, मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, ठरावीक दिवशी उपलब्ध असला पाहिजे. आपल्या वाचनात आलेल्या ज्या ज्या ठिकाणी सामान्य कार्यकर्त्यांनी हे काम यशस्वी केले, तेथे ही पाठराखण होती. कार्यकर्ते आपापसांत बसून आठवड्याच्या मुलाखती तपासत, आणि वर विचारणारा कोणीतरी होता. तालुक्याला तज्ज्ञ नसेल तर फोनवरून हे होऊ शकते. १० ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते, तेथे मराठीत बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे; १९९६ साली मुंबईत तो सुरू झाला. हे दोन्ही क्रमांक अभ्यासिकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत.

काही मुलांना दवाखान्यात न्यावेच लागेल. जे मूल मरणाच्या गोष्टी बोलते, ज्याने स्वतःला इजा केली आहे, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, ज्याने खाणेपिणे टाकले आहे, त्याच्या बाबतीत वस्तीत थांबून वेळ घालवू नये. मरणाविषयी सरळ विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो हा समज खोटा आहे. विचारावे, एकटे सोडू नये, आणि घरातील कीटकनाशकाची बाटली व औषधे कुलपात ठेवावीत. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असे २०१७ चा कायदा गृहीत धरतो व तिला शिक्षा करीत नाही. म्हणून गुन्ह्याच्या भीतीने मुलाला घरात कोंडून ठेवण्याचे कारण नाही.

दाखल करण्याची वेळ आलीच तर पालकांना काही गोष्टी आधी माहीत हव्यात. अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच भरती करता येते, त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि पालकाला किंवा पालकाने ठरविलेल्या सोबत्याला त्याच्याजवळ राहण्याचा हक्क आहे. आईलाच दाखल केले असेल आणि तिचे मूल तीन वर्षांच्या आतले असेल, तर सामान्यतः त्याची ताटातूट करता येत नाही. विजेचा उपचार मुलांवर करावयाचा असल्यास पालकांची संमती व मंडळाची पूर्वपरवानगी लागते. मजुरी बुडवून गेलेल्या आईला खिडकीवरचा कारकून हे सांगत बसणार नाही. म्हणून पहिल्या खेपेला संस्थेचा एक माणूस तिच्याबरोबर जावा: केसपेपर काढायला, रांगेत उभे राहायला, डॉक्टर जे भरभर बोलतात ते लिहून घ्यायला. मूल परत आल्यावर पुढची तारीख कोणती, गोळ्या कोणत्या वेळी, शाळेत काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे त्याच वहीत असावे, आणि ती वही आईच्या घरी राहावी, संस्थेच्या कपाटात नव्हे.